गिऱ्हाईक परत पाठवणारी लेक

वाचकाचं पत्र:

ताई, राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, तेहतीस वर्षं मी चालवतोय. मुलगी बी.ऑप्टम, म्हणजे डोळे तपासण्याची पदवी करून घरी आली तेव्हा वाटलं, चला, दुकानाला वारस मिळाला. आठ महिने झाले, रोज भांडण. ती एकेका माणसाला पाऊण-पाऊण तास बसवून ठेवते. मागच्या महिन्यात आमचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, साठीचं, बारा वर्षांची शुगर. मशीनवर नंबर निघाला होता, फ्रेम पसंत झाली होती, अडतीसशेचं बिल होणार होतं. ही म्हणाली, काका, आज चष्मा करू नका, आधी डोळ्याच्या डॉक्टरांना पडदा दाखवून या. ते उठले आणि समोरच्या दुकानातून तासाभरात चष्मा करून घेऊन गेले. सहा वर्षांच्या एका पोरालाही असंच परत लावलं. डोळे लाल झालेल्यांना मी एक ड्रॉप सुचवतो, कित्येक वर्षं सुचवतोय, आजवर कुणाची तक्रार नाही. त्यावरून तिनं गिऱ्हाइकासमोर मला गप्प केलं. आता म्हणते, मागची खोली रिकामी करा आणि मशिनं घ्या. कोटेशन सव्वातीन लाखांचं आहे. नातेवाईक विचारतात, चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं शिकवलंत? धड डॉक्टर नाही, धड दुकानदार नाही. मी करू तरी काय?
— एक चष्मेवाला, रामबाग, इंदूर

भाऊ,

दुकानाबाहेर ‘नेत्र जाँच मुफ्त’ अशी पाटी आहे का तुमच्या? पत्रात लिहिलेलं नाही, पण असणारच, कारण आपल्याकडे चष्म्याच्या दुकानाला पाटी आधी लागते आणि नाव मागून. तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ मला त्या पाटीत दिसतं.

तपासणी फुकट ठेवली की तिची किंमत फ्रेममध्ये जाऊन बसते. मग तपासून घेतलं आणि चष्मा न करता उठला, तो माणूस तुमच्या वहीत तोटा. त्यात तुमचा काही दोष नाही, गल्लाच तसा मांडलेला आहे. आणि तुमची लेक चार वर्षं नेमकं काय शिकून आली? समोर बसलेल्यांपैकी कुणाला आज चष्मा द्यायचा नाही, हे ओळखायला. एका टेबलावर हे दोन हिशेब बसणार नाहीत. भांडण होणारच होतं, आठ महिने कसे निघाले याचंच मला नवल वाटतं.

‘धड डॉक्टर नाही, धड दुकानदार नाही’ हे नातेवाईक टोमणा म्हणून बोलतात, पण व्याख्या म्हणून ते बरंच बरोबर आहे. डोळ्याचे डॉक्टर आधी एमबीबीएस होतात, मग डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घेतात. औषध आणि शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. तुम्ही ऑप्टिशियन. नंबराच्या कागदावरून काच निवडणं, घासणं, फ्रेममध्ये बसवणं आणि ती फ्रेम माणसाच्या नाकाकानावर नीट बसवणं हे तुमचं. या दोघांच्या मधली जागा ऑप्टोमेट्रिस्टची, म्हणजे तुमच्या लेकीची. नजर मोजणं, नंबर काढणं, दोन्ही डोळे जोडीनं काम करतात का ते बघणं, कॉन्टॅक्ट लेन्स, आळशी डोळ्याचे व्यायाम, अगदी कमी दिसणाऱ्यांना भिंगं-दुर्बिणी देऊन कामाला लावणं. आणि या सगळ्याच्या खाली एक सततचं काम: हा नंबराचा मामला आहे की आजाराचा?

तिच्या चार वर्षांतली तीन वर्गात आणि प्रयोगशाळेत गेली, चौथं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं. प्रकाशशास्त्र, डोळ्याची रचना, आजार, औषधांची ओळख, आणि मग शेकडो माणसांचे डोळे. हे काही कालपरवा निघालेलं फॅड नाही. चेन्नईला एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू झालं 1985 मध्ये. 2021 मध्ये संसदेनं आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या यादीत ऑप्टोमेट्रिस्ट आहेत. तेव्हा नातेवाइकांना सांगा, फिजिओथेरपिस्ट आणि रेडिओलॉजीच्या टेक्निशियनबरोबर तिचं नाव एका कायद्यात आलंय. त्यांना ते पटेल असं मला वाटत नाही, पण तुमच्या तोंडून ऐकून लेकीला बरं वाटेल.

आता माझं सांगते, म्हणजे मी कोणत्या खुर्चीवरून बोलतेय ते कळेल. माझ्याकडे चार वर्षांची पदवी नाही. आमच्या वेळी इथं दोन वर्षांचा डिप्लोमा होता. 1976 मध्ये देशानं अंधत्व निवारणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून गावोगाव नेत्र सहायक नेमले गेले, आणि मुलींनीही हे करावं असं म्हणणारा एक काका आमच्या घरात होता. सुरुवातीची वर्षं धार, झाबुआ, खरगोनकडच्या शिबिरांत गेली. शाळेच्या व्हरांड्यात सहा मीटर दोरीनं मोजायचे, खुणेला वीट ठेवायची, भिंतीवर तक्ता टांगायचा. ज्यांना अक्षरं येत नव्हती त्यांच्यासाठी तोंड फिरवलेल्या ‘ई’चा तक्ता. म्हातारी हातानं दिशा दाखवायची. दाखवता दाखवता हात थांबला की आम्ही तिथं रेघ मारायचो. अक्षरांचा तो जुना तक्ता स्नेलन नावाच्या डच डॉक्टरनं 1862 मध्ये काढला, आणि तुमच्या दुकानात आज लटकतोय तो त्याचाच वंशज. या धंद्यात मला सर्वांत जास्त आवडणारी वस्तू तीच आहे, पण ते असो.

मग इंदुरात माझी स्वतःची खोली झाली. एका बाजूला तपासणी, दुसऱ्या बाजूला फ्रेमची शोकेस. तुमच्यासारखंच, एकच गल्ला. तिथं एक निवृत्त मास्तर यायचे. वाचायचा नंबर बदलला म्हणून आले, मी बदलून दिला. सात-आठ महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा बदलून दिला. दीड वर्षात तीन चष्मे. प्रत्येक वेळी खालची बारीक ओळ वाचून खूश होऊन जायचे. तिसऱ्या चष्म्याला मी त्यांना सवलतही दिली होती. मग एक दिवस त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, रस्ता ओलांडताना बाजूची स्कूटर त्यांना दिसतच नाही. काचबिंदू. दोन्ही डोळे. समोरचं अजून स्वच्छ दिसत होतं, कडेचं गेलेलं होतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधानं राहिलेली सांभाळायची, एवढंच हातात असतं.

वाचायचा नंबर वरचेवर बदलणं ही काचबिंदूची खूण असू शकते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहूनही आले होते. पण समोर बसलेला माणूस चष्मा मागत होता आणि मी चष्म्याचं दुकान चालवत होते.

म्हणून तुमची लेक पाऊण तास लावते तेव्हा ती काय करतेय ते बघा. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं दिसतंय, अशा काचबिंदूला पकडायचं तर विचारावं लागतं: घरात कुणाला होता का, कधी स्टिरॉइड घेतलंय का, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, जिना उतरताना पाय चुकतो का. मग डोळ्याचा दाब. साधारण दहा ते एकवीसच्या मधला ठीक समजतात, पण एकवीसच्या आतही काचबिंदू असतो, म्हणून डोळ्याच्या आतली, मेंदूकडे जाणारी नस बघायची. माझ्या मास्तरांना कुणी पाऊण तास दिला असता तर, एवढंच मी म्हणेन आणि पुढे जाईन.

आता तुमच्या ट्रायल बॉक्सकडे, म्हणजे नंबर काढायच्या काचांच्या पेटीकडे. तो लाकडी किंवा रेक्झिनचा पेटारा उघडा. गोल काचांच्या रांगा संपल्या की शेवटच्या खाचांत काही विचित्र चकत्या असतात. एक लाल काच, एक रेघारेघांची, एक पूर्ण काळी, आणि एक काळी चकती जिच्या मधोमध बारीक छिद्र आहे, जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. पिनहोल. तेहतीस वर्षांत ती किती वेळा बाहेर काढलीत? बहुतेक दुकानांत तिच्यावर कंपनीची पावडर तशीच असते. ज्याला कमी दिसतंय त्याच्या डोळ्यापुढे ती धरा आणि तक्ता वाचायला सांगा. छिद्रातून दोन ओळी जास्त वाचल्या तर काम बहुधा नंबराचं आहे, तुम्ही काच द्या. काही फरक पडला नाही, किंवा आणखी धूसर झालं, तर कितीही काचा बदला, उपयोग नाही. मोतीबिंदू असेल, पडदा असेल, नस असेल. तो माणूस तुमचा नाही, डॉक्टरांचा आहे. मिनिटभराचं काम. या चकतीनं माझे मास्तर सापडले नसते, हेही सांगते, कारण त्यांना समोरचं दिसत होतं. पण बाकी किती तरी सापडतात.

तुमच्या अडतीसशेच्या गिऱ्हाइकाचं बघू. बारा वर्षांची शुगर. रक्तातली साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर उण्याकडे सरकतो. अशा वेळी काही म्हातारी माणसं आनंदानं सांगत येतात, वाचायचा चष्मा सुटला बघा! त्या दिवशी मशीननं दाखवलेला नंबर त्या दिवसाच्या साखरेचा असतो. औषध बदललं, साखर उतरली, की काही आठवड्यांत नंबर पुन्हा हलतो आणि माणूस चष्मा घेऊन तुमच्याच दारात येतो, ‘आपने कैसा चश्मा बनाया’ म्हणत. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावर नंबर काढायचा, हे धंद्याच्या दृष्टीनंही शहाणपणाचं आहे. आणि पडदा तर वेगळाच विषय. मधुमेहानं पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला असतो आणि माणूस तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघायचा, दिसत असलं तरी. समोरच्या दुकानानं चष्मा विकला, ठीक आहे. तुमच्या लेकीनं त्यांना जे सांगितलं ते समोरच्यांनी सांगितलं असेल का?

पोराचं थोडक्यात. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. मशीनमधलं घराचं किंवा फुग्याचं चित्र बघताना ते आपोआप जोर लावतं आणि मशीन खोटाच उणे नंबर छापून देतं. थेंब घालून तो जोर उतरवायचा आणि मग नंबर काढायचा, हीच पद्धत आहे. आणि एक डोळा काच लावूनही सुधारत नसेल, तर तो आळशी पडत चालला असू शकतो. पोर तक्रार करणार नाही, त्याचं दुसऱ्या डोळ्यावर छान चाललेलं असतं. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू ऐकतो, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून मागे पडलेल्याला कामाला लावता येतं. पुढेही प्रयत्न करतात, पण हाती कमी लागतं. सहा वर्षांच्या मुलाला तिनं परत पाठवलं नाही भाऊ, वेळेत पाठवलं.

आता ड्रॉपविषयी. इथं मी गोड बोलणार नाही.

तुम्ही लिहिता, कित्येक वर्षं सुचवतोय, कुणाची तक्रार नाही. तक्रार कुणी करायची? ज्याच्या डोळ्याला तुमच्या ड्रॉपनं अपाय झाला तो वर्षभरानं दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, आणि मधल्या काळात काय घातलं ते त्याला आठवतही नाही. लाल डोळ्याला एका दिवसात आराम पाडणारे ड्रॉप बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेले असतात. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ उडते, मुलं डोळे चोळचोळ चोळतात, ड्रॉप घातला की खाज थांबते. मग आई ती बाटली फ्रिजमध्ये ठेवते आणि दर वेळी घालते, महिनोन्‌महिने. स्टिरॉइडनं डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, लहान वयात मोतीबिंदूही होतो. गव्हाच्या काढणीत कुसळ लागून डोळा लाल झालेला शेतकरी आला आणि त्याला बुरशीचा संसर्ग असेल, तर त्याच ड्रॉपनं बुबुळ सडायला लागतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, तुमच्या दारावरून जाते, ताडपत्री सोडून दुकान बंद ठेवत असाल. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं की लाल डोळ्यांची रांग. त्यांतला कोण साधा रंग गेलेला, कोण कॉन्टॅक्ट लेन्स घालून नाचलेला, कोणाच्या बुबुळाला ओरखडा, हे काउंटरवरून कळत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. डोळ्यात काही रासायनिक गेलं असेल तर तिथल्या तिथं स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टरांकडे लावायचं. एम.वाय. या सरकारी रुग्णालयाचा नेत्रविभाग तुमच्या दुकानापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. 2025 च्या दिवाळीत कार्बाइडच्या देशी बंदुकांनी भोपाळकडच्या पोरांच्या डोळ्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. तसं पोर तुमच्या दारात आलं, तर तुम्ही कोणता ड्रॉप सुचवाल?

ड्रॉप लिहून देणं डॉक्टरांचं काम. तुमचं नाही, आणि तुमच्या लेकीचंही नाही. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती बोलली. गिऱ्हाइकासमोर बोलली ही चूक झाली, त्याकडे येतेच. पण काउंटरखाली त्या ड्रॉपचा डबा असेल, तर तो आजच काढून टाका.

मशिनांचं कोटेशन मात्र तूर्त बाजूला ठेवा. सव्वातीन लाखांची गरज पहिल्या वर्षी नाही. खोली रिकामी करा, ते तिचं म्हणणं रास्त आहे. गजबजाटात, ट्यूबलाइटखाली, तीन माणसं मागून फ्रेम बघत असताना डोळा तपासता येत नाही. तुमची गल्ली अरुंद, खोली सहा मीटर नसणार. तीन मीटर असली तरी भागतं. खुर्चीच्या डोक्यावर उलट्या अक्षरांचा तक्ता लावा आणि समोर आरसा. प्रकाश जाऊन-येऊन सहा मीटर होतात. पहिली खरेदी रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं हातातलं यंत्र. अंधारात त्याची उजेडाची रेघ डोळ्यात फिरवायची, आतून येणारी चमक रेघेबरोबर सरकते की उलटी ते बघायचं, आणि चमक सरकायची थांबेपर्यंत काचा बदलायच्या. हातभर, म्हणजे साधारण सहासष्ट सेंटीमीटरवरून बघतो म्हणून शेवटी आलेल्या नंबरातून दीड वजा करायचा. बोलता न येणारं मूल असो, ऐकू न येणारे आजोबा असोत, त्यांना काही न विचारता नंबर मिळतो. ज्याचा हात यावर बसलेला आहे, त्याला नंबराचं मशीन हा फक्त पहिला अंदाज. पाठोपाठ आतली नस बघायला ऑफ्थॅल्मोस्कोप. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून बघायची दुर्बीण, दुसऱ्या वर्षी, जुना पण चांगल्या स्थितीतला मिळतो. दाब मोजायचं यंत्र त्यानंतर. तोवर चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला दाब आणि नस डॉक्टरांकडे तपासून घ्या असं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चष्म्याच्या काचेचा नंबर मोजणारा लेन्सोमीटर तुमच्याकडे आहेच.

आणि ‘मुफ्त’ची पाटी उतरवा. तपासणीचे दीडशे रुपये घ्या. चष्मा घेतला तर ते वजा करू नका, नाही तर पुन्हा आहे तिथंच येऊन पडाल. तिच्या तपासणीची वही वेगळी, तुमच्या फ्रेमची वही वेगळी. पहिले तीन-चार महिने गर्दी घटेल. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दीडशे रुपये भुट्ट्याच्या कीसवर आणि तळलेल्या गराडूवर सहज उडवणारा माणूस डोळ्याच्या दीडशेला हुज्जत घालेल, मला अनुभव आहे. घालू द्या. पण त्या दिवसापासून उठून गेलेला माणूस तुमच्या वहीत तोटा राहणार नाही, आणि बघा, मुलीवरचा तुमचा निम्मा राग उतरेल.

यापुढचं तुमच्या लेकीसाठी आहे, तिला वाचून दाखवा. नको, तिच्याच हातात द्या.

बेटा, तू बरोबर आहेस. पण गिऱ्हाइकासमोर बाबांना तोडून बोललीस, तिथं तू चुकलीस. ज्या काकांना तू पडदा दाखवायला सांगितलंस, ते उठून गेले याचं एक कारण हेही असेल की त्यांनी तेहतीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाचा चेहरा पडलेला पाहिला. आधी बाबांना आत बोलव, तिथं सांग, मग बाहेर दोघांनी एक बोला. सांगतानाही ‘आज चष्मा नाही’ असं सुरू करू नकोस. ‘काका, साखर हलली की नंबर हलतो, पैसे वाया जातील, साखर स्थिर झाली की त्याच पैशात बरोबर चष्मा देते,’ असं म्हणालीस तर ते थांबतील. चिठ्ठी दे, चार ओळींची: काय दिसलं, किती दिसतंय, काय तपासून हवंय. डॉक्टर ती वाचतात आणि उत्तरही पाठवतात, मी वर्षानुवर्षं असं काम केलंय. नावामागे डॉक्टर लावू नकोस, कुणी कौतुकानं म्हटलं तरी दुरुस्त कर. आजाराचं नाव तू उच्चारू नकोस. ‘मला शंका आहे, दाखवून घ्या’ इथं थांबायचं.

आणि बाबांकडून शीक. तू अक्ष, म्हणजे काच कोणत्या कोनात बसवायची ते, एकशे दहा लिहून देतेस, पण तिरक्या नंबराची, सिलिंडरची काच फ्रेममध्ये दहा अंश फिरली की तिचा तिसरा हिस्सा वाया जातो, तीस अंश फिरली तर जेवढा दोष होता तेवढाच डोक्यावर राहतो. उणे सहाच्या काचेचं केंद्र अर्धा सेंटीमीटर सरकलं तर डोळ्याला बाजूला खेचणारा तीन प्रिझमचा ओढा बसतो, आणि माणूस म्हणतो डोकं दुखतं. तुझा अचूक नंबर बाबांच्या हातून जाईपर्यंत कागदच असतो. लांबचं-जवळचं एकाच काचेत, मधे रेघ नसलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेची उंची मोजताना माणसाला ताठ बसवायचं की तो दुकानात आला तेव्हा जसा उभा होता तसा, हे कॉलेजात सांगितलं असेल. पण गरम वाळूत दांडी किती वेळ धरायची, नाकावरचा कोणता पॅड किती उघडायचा, कोणत्या आजीला डी बायफोकल, म्हणजे खाली वाचायचा वेगळा तुकडा असलेली काच, झेपेल आणि कोणाला दोन वेगळे चष्मेच बरे, हे तेहतीस वर्षांच्या बोटांत असतं. सकाळी तासभर त्यांच्या स्टुलाशेजारी बस. तो तास त्यांच्याकडे इंटर्नशिप म्हणून मोज.

भाऊ, आता पुन्हा तुमच्याशी. त्या काकांचा नंबर तुमच्या जुन्या वहीत असेल. आज संध्याकाळी फोन करा. लेकीला करायला लावू नका, ते तुम्हाला ओळखतात. चष्मा कुठून केला त्याबद्दल काही बोलू नका. पडदा दाखवला का, एवढंच विचारा, आणि दाखवला नसेल तर सकाळी त्यांच्याबरोबर जायला घरात कुणी आहे का तेही विचारा. बाहुलीचे थेंब घातल्यावर तीन-चार तास उजेड सहन होत नाही, एकट्यानं स्कूटर चालवत परत येऊ नये.